जीप भरेपर्यंत

नरहररावांनी बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवला, बशी टेबलावर पालथी घातली आणि शेजारी पडलेली पप्पूच्या जीपची किल्ली उचलून सहज ठेवावी तशी त्या बशीवर ठेवली.

"आता जे सांगणार हाय, ते तुमच्यातल्या एकालाबी पटणार न्हाई," ते म्हणाले. "म्हणून सांगतच न्हाई. ऱ्हाऊ द्या."

चन्नवीरच्या हॉटेलात एवढं पुरे होतं. कमलनगरच्या जीप स्टँडला लागून असलेलं हे हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि नरहरराव गुरुजी. त्यातलं काय आधी पेटतं, असं कुणी विचारलं तर चन्नवीर गुरुजींकडे बोट दाखवायचा. नोकरी संपल्यापासून गुरुजी शटर वर जायच्या आधी पायरीवर बसलेले असायचे. पुस्तकातली मराठी त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवून दिली होती, इथं गावातली चालायची. त्यांच्या एका गोष्टीत मांजरा नदी जत्रेला जाऊन उशिरा परत आली होती, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी हूं की चूं केलं नव्हतं. करणार कसं? चन्नवीरचा कायदाच होता. गुरुजींच्या गोष्टीला जो तोंडानं 'खोटं' म्हणेल, त्यानं हॉटेलातल्या सगळ्यांना चहा पाजायचा. मनात म्हणायला मोकळीक होती. तोंडानं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"सांगा की गुरुजी," पप्पू बाकावर मांडी घालत म्हणाला. "गाडी भरंस्तोवर."

पप्पूची जीप बाहेर उन्हात उभी होती. ती भरल्याशिवाय हलत नसे. आत कलेक्टर बसला तरी पप्पू त्याला म्हणाला असता, साहेब, अजून तीन सीट. आज बीदरला जाणारी माणसं आली होती तशी पुरेशी. पण पत्रा तापलेला, आणि हॉटेलात सावली. सगळी आपापल्या पिशव्या जीपमध्ये ठेवून चन्नवीरकडे येऊन बसली होती. नरहररावांनी हे बघितलं होतं. म्हणून तर किल्ली बशीवर होती.

दाराजवळच्या बाकावर संपदा बसली होती. निंबोणीच्या मराठी शाळेची शिक्षिका. म्हणजे ज्या शाळेतून नरहरराव निवृत्त झाले, त्याच शाळेची, आणि आता तिथली एकटीच. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि मांडीवर निळी फाईल धरली होती. बदलीला निघालेलं माणूस गुरुजींना पाठमोरंही ओळखू येत असे. आज बीदरला बदल्यांचं कौन्सेलिंग होतं. नंबर पुकारला तेव्हा माणूस समोर नसलं की गेलं वर्ष. सकाळची बस तिची चुकली होती, पुढची दुपारी. राहिली पप्पूची जीप.

ती का निघाली, हेही सगळ्या हॉटेलाला ठाऊक होतं. प्रोत्साहन वेतनाची यादी लागली होती. ज्या शिक्षकाची पोरं वर्षभरात पुढं सरकली, त्याला वरचा पगार. जूनमध्ये एक परीक्षा, मार्चमध्ये एक. दोन्हींतला फरक ती शिक्षकाची करामत. वर एक अट, शाळेतलं एकही पोर जागच्या जागी राहता कामा नये. संपदाची पोरं सरकली होती. फक्त दोघं भावंडं मार्चमध्ये आई-बापांबरोबर ऊसतोडीला होती, फडात. त्यांच्या नावापुढं शून्य पडलं, आणि संपदाचं नाव यादीतून गेलं.

ती गेली की निंबोणीला दुसरं कुणी येणार नव्हतं. दहा-पाच पोरांच्या मराठी शाळेवर कोण येतं? पोरं कानडी शाळेत घातली असती. पोरांचं काही बिघडलं नसतं, त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. शाळेला मात्र कुलूप लागलं असतं. आणि आणखी एक होतं, ते नरहरराव स्वतःलाही नीट सांगत नसत. शनिवारी शाळा सुटली की ही बाई कमलनगरला बाजाराला यायची आणि त्यांच्या दारात उभी राहायची. गुरुजी, त्या कपाटाचं दार अडकतंय, कसं उघडायचं? गुरुजी, तो जुना नकाशा कुठल्या खिळ्याला लावत होतात? कपाटाचं दार सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालं होतं. तरी ती विचारायची आणि तेही सांगायचे.

"ही स्कीम," नरहरराव म्हणाले, "ही जी यादी लागायलीय, ती पहिल्यांदा आली तवा माझं नोकरीचं शेवटचं वरीस. ओढ्यापल्याडच्या शाळेत विरुपाक्ष मास्तर होता. लई हुशार. त्यानं इचार केला, मार्चमध्ये पोरं वर चढवायची म्हणजे वरीसभर घसा फोडा. त्यापेक्षा जूनमध्ये खाली उतरवावीत. फरक तेवढाच पडतो का न्हाई?"

"पडतो की," पप्पू म्हणाला.

"मग त्यानं मे महिन्यात क्लास काढला. विसरायचा."

"विसरायचा?" गीताबाईंनी पदर सावरला. त्या बीदरला लेकीकडे निघाल्या होत्या. लेकीसाठी घेतलेला डिंकाच्या लाडवांचा डबा तेवढा त्यांनी जीपमध्ये न ठेवता मांडीवर ठेवला होता.

"व्हय अक्का. सकाळी प्रार्थना, मग बेचा पाढा. म्हणायचा न्हाई, विसरायचा. मास्तर म्हणणार, बे एके? पोरांनी गप. जो बोलला त्याला उठाबशा. हळूहळू पोरं असली तयार झाली की बे एके म्हणलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. कोण बे? कुणाचा बे? मास्तर खूष. पण हे विसरणं निघालं लागट, खरजेसारखं. पोरं पाढ्यावर थांबली न्हाईत. घरी जायचं विसरायली. ह्याचं पोरगं त्याच्या घरी, त्याचं ह्याच्या. आयांनी जेवू घातलं, अंगावर गोधडी टाकली, सकाळी वेणी घालायला बसल्या तवा कळलं की हे तर पोरगं हाय."

हॉटेलात खसखस पिकली. भट्टीवरचं दूध वर आलं, ते चन्नवीरला दिसलं नाही.

"मग लागलं आयांना. एक बाई ज्वारी दळायला गेली ती गिरणीतच ऱ्हायली, गिरणीवाल्याला म्हणती, मला घेऊन जा, मी कुणाची तरी हाय. आणि सगळ्यात शेवटी मास्तर! शाळा उघडायच्या दिवशी ओढा ओलांडून माझ्या शाळेत आला, माझ्या खुर्चीवर बसला, आणि मी आत गेलो तर मलाच इचारतो, आपण नवीन का?"

पप्पूचं तोंड उघडलं. चन्नवीरनं लगेच चहाची पळी वर केली.

"म्हण की. म्हण, म्हण. सगळ्यांचा चहा तुझ्याकडं."

"जांभई दिली, अण्णा," पप्पू म्हणाला. "जांभईलाबी कायदा हाय व्हय?"

संपदा हसली नाही असं नव्हतं. पण हसता हसता तिनं मनगट वळवलं आणि घड्याळ बघितलं.

"पप्पूअण्णा, निघू या ना? भरली की गाडी."

"बाई, गाडी कुठं भरली? माणसं हितं बसलीत. माणसं आत बसली की ती भरती."

"तेच म्हणतेय. बसवा ना."

"थांब गं माय," गीताबाई म्हणाल्या. "गुरुजीचं होऊ दे. लेक काय पळून चालली? आणि आत जाऊन भाजून घ्यायचं का?"

नरहररावांनी बशीवरची किल्ली बोटानं थोडी आपल्याकडे ओढली. संपदानं ते बघितलं. तिनं बघितलं हे त्यांनीही बघितलं, आणि दुसरीकडे बघून ते पुढं बोलू लागले.

"आता माझ्या शाळेचं. मी पोरांना काही शिकवलं न्हाई, म्हणजे तसलं. पण भिंतीला कान असतात आणि पोरांना तर चार-चार. त्यांना कळलं, जूनमध्ये कमी आणि मार्चमध्ये जास्त पडले की गुरुजीचा पगार वाढतो. लिंबाखाली बैठक बसली. मी खिडकीतून बघायलोय, मला वाटलं गोट्यांचं भांडण. तर ठरलं असं, की जूनच्या पेपरात कुणी एक अक्षर लिहायचं न्हाई. गुरुजीसाठी. शपथा झाल्या. सातवीपासून पहिलीपर्यंत सगळ्यांच्या. पहिलीतल्याला शपथ म्हणजे काय ते ठाऊक न्हाई, त्यानं आपली आईची घेतली, शेजाऱ्याची घेतली आणि म्हशीचीबी घेतली, कमी पडाया नको म्हणून."

"आणि दिले कोरे पेपर?" चन्नवीरनं विचारलं.

"कोरेकरकरीत. एकानं तर पेपरावर डोकं ठेवून झोप काढली, खरं वाटावं म्हणून. तपासणीला आलेला साहेब मला बाजूला घेऊन म्हणतो, गुरुजी, तुम्ही इतकी वर्षं हितं काय करायलाव?"

पुन्हा हसू उसळलं. नरहररावांनी ते ओसरू दिलं. मग बशीच्या कडेवरून अंगठा फिरवत ते जरा हळू आवाजात म्हणाले,

"एकीनं लिहिला."

कोण, असं कुणी विचारायची त्यांनी वाट बघितली नाही.

"स्नेहा. सातवीला होती. निंबोणीतल्या चन्नव्वाची नात. तिनं सगळं लिहिलं, आणि सगळं बरोबर. पोरं चिडली. तिच्याशी कट्टी. मी तिला इचारलं, कामून गं? सगळ्यांनी सोडला तर तूच कामून लिहिलास? तर म्हणली, गुरुजी, येतंय ते कसं सोडू? हात थांबंना."

चन्नवीरनं पळी खाली ठेवली. त्याला गुरुजींच्या सगळ्या गोष्टी पाठ होत्या. कुठल्या गोष्टीत कोण कधी विहिरीत पडतं, हे तो आधी सांगू शकला असता. ही पोरगी आजवर एकाही गोष्टीत आली नव्हती.

"मार्च आला," नरहरराव म्हणाले. "पोरांनी जीव तोडून लिहिलं. कोऱ्यावरून एकदम वर. साहेबाला वाटलं चमत्कारच. आता स्नेहा. तिला जूनमध्ये पैकीच्या पैकी. मार्चमध्ये पैकीच्या पैकी. मग फरक किती?"

"शून्य," संपदा म्हणाली. आपण बोललो हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"शून्य. साहेबानं शेरा मारला, सदर विद्यार्थिनीत प्रगती न्हाई. एक पोर जागच्या जागी. माझं नाव उडालं, आणि विरुपाक्ष मास्तराचं लागलं. बीदरला हार, फेटा, फोटो. आता हार घालायच्या वेळेला नाव पुकारलं तर ते कुणाचं म्हणून तोच मागं वळून बघायला, ही गोष्ट निराळी."

सगळे हसले. गीताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. संपदा मात्र फाईलच्या कोपऱ्याकडे बघत होती. कोपरा तिनं चुरगळला होता.

"त्या मुलीला कळलं का?" तिनं विचारलं.

"काय?"

"की तिच्यामुळे तुमचं गेलं."

नरहररावांनी उत्तर द्यायला जरा वेळ लावला. गोष्टीत मध्ये थांबावं कुठं, याचा त्यांना अभ्यास होता. पण हे थांबणं त्यातलं नव्हतं.

"कळलं. पोरं सांगितल्याशिवाय ऱ्हात्यात होय? शाळा सुटल्यावर दारात येऊन उभी ऱ्हायली. रडली न्हाई. म्हणली, गुरुजी, माझ्यामुळं तुमचं गेलं. मी भरून देईन. मी म्हणलं, अगं येडे, तू काय भरून देणार? तर म्हणली, दर दसऱ्याला सोन्याचं पहिलं पान तुम्हाला आणून देईन. म्हातारी झाले तरी."

"आणि?" संपदानं विचारलं. "येते का ती?"

बाहेर कुणाची तरी फटफटी सुरू होऊन बंद पडली. चन्नवीरनं गाळणं आपटलं. संपदानं आता घड्याळ बघणं सोडलं होतं. ती नरहररावांकडे बघत होती, टक लावून, वर्गातली पोरं गोष्टीच्या शेवटाकडे बघतात तशी.

पुढचं वाक्य नरहररावांच्या जिभेवर तयार होतं. सकाळी पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी ते घोळवून ठेवलं होतं. खरं होतं म्हणून ते फार लांबही नव्हतं: न्हाई बाई, आली न्हाई, निंबोणीतून गेलेलं माणूस निंबोणीचा रस्ता विसरतं, विसरायचा खरा क्लास तो. एवढंच. एवढं म्हटलं की संपदा उठणार नाही, हे त्यांना दिसत होतं. आज नाही, पुढच्या वर्षीही नाही. शनिवारी शाळा सुटली की दारात चपलांचा आवाज येईल. गुरुजी, त्या कपाटाचं दार.

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. साडीच्या निऱ्या बसून बसून चुरगळल्या होत्या. उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांत खडू भरलेला होता. इस्त्रीची साडी नेसून बदलीला निघालेल्या माणसानंही सकाळी फळ्यावर काहीतरी लिहून ठेवलं होतं. येतंय ते कसं सोडू.

नरहररावांनी बशीवरची किल्ली उचलली आणि पप्पूकडे फेकली.

"ऊठ. भर गाडी."

"ऑं? गोष्ट?"

"गाडीत बसता बसता ऐका." ते उभे राहिले, धोतराचा सोगा झटकला आणि त्यांचा आवाज परत रोजचा झाला, भट्टीच्या वर चढणारा. "येतीय की! न येऊन सांगती कुणाला? कलबुर्गीला शिकायलीय, मोठ्या कॉलेजात. पण दसरा आला की पहिल्या गाडीनं हितं. आणि एकटी न्हाई. त्या लिंबाखालच्या बैठकीतली झाडून सगळी घेऊन. पेपरावर झोपलेला, म्हशीची शपथ घेतलेला, सगळी. बन्नीची, म्हंजे शमीची पानं ओढणी भरून. दारात चपलांचा असा ढीग की मलाच उंबरा सापडत न्हाई. बन्नी घ्या गुरुजी, बंगारासारखं, सोन्यासारखं ऱ्हावा! पान घेतलं की आपल्या ताटातलं एक परत द्यायचं असतं ना? माझ्या ताटात पानांचा ढिगारा, देऊन देऊन हात दुखायला लागतो. शेजारचे इचारतात, नरहरराव, घरात लग्न हाय का?"

माणसं हसत उठली. गीताबाईंनी लाडवांचा डबा छातीशी धरला. एकेक जण पायरी उतरून जीपमध्ये शिरू लागला. पप्पूनं जाता जाता विचारलं, "मग गुरुजी, इन्सेंटिव्ह मिळालाच म्हणा की."

"मग! विरुपाक्षापेक्षा जास्त. त्याला एकदाच मिळाला, मला दरसाल." नरहरराव संपदाकडे वळले. "म्हणून सांगायलोय. माझं काय अडलंय? घर भरलेलं असतंय. शाळेचं म्हणशील तर शाळा म्हणजे काय चार भिंती. उगं कुणासाठी म्हणून थांबायचं काम न्हाई. जा तू. तुझा नंबर पुकारतील."

इतक्या दिवसांत ते तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले होते.

बाहेर पप्पूनं हॉर्न वाजवला. "बाई! एकच सीट ऱ्हायलीय! तुमचीच!"

संपदा उठली. फाईल काखेत घेतली, पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेली. नरहररावांनी पाठ फिरवली आणि पालथी बशी सुलटी करून ते तिच्यात बघू लागले, चहा उरला असावा तसे. हॉर्न परत वाजला.

चपलांचा आवाज पायरीवर गेला आणि थांबला. मग तो परत आत आला.

संपदानं पिशवी बाकाखाली सरकवली.

"चन्नवीरअण्णा," ती म्हणाली, "सगळ्यांना चहा. गाडीतल्यांनापण."

"कामून बाई? चहा कशाचा?" चन्नवीरचा हात भट्टीवर अधांतरी राहिला. "कोण काय म्हणलं?"

"मी म्हणते. गुरुजी खोटं बोलले." तिचा आवाज बाहेर जीपपर्यंत गेला असावा, कारण हॉर्न थांबला. "गेल्या दसऱ्याला मी गेले होते त्यांच्या घरी. दुपार झाली होती. ताट मांडलेलं होतं, धुऊन पुसून, आणि त्यात एक पान नव्हतं. परत द्यायला काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी माझंच पान मला परत दिलं."